आरती आणि दगड

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. हा लेख मी कोणाला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. तेवढे माझे वय नाही, आणि या विषयात तर मला अधिकारही नाही. कारण ज्या गोष्टीवर मी येथे टीका करणार आहे ती मी स्वतः केलेली आहे. गेल्या वर्षी वाङ्मय मंडळाच्या भित्तीपत्रकाचे जे प्रकरण झाले ते आपल्या महाविद्यालयात बहुतेकांना ठाऊक आहे. ते सुरू कोणी केले हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ते मी केले. ज्या मुलीला त्याचा त्रास झाला तिची परवानगी घेऊनच मी हे लिहीत आहे. तिचे नाव मात्र येथे येणार नाही.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील बाजार समितीत हमाल आहेत. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. आमच्या घराच्या भिंतीवर पूर्वी दोनच तसबिरी होत्या, एक विठोबाची आणि एक आजोबांची. दहावीच्या सुट्टीत मी तिसरे चित्र लावले. ते एका चित्रपटनटाचे होते. त्या नटाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. नाव सांगितले की निम्मे वाचक हा लेख बाजूला ठेवून त्या नावाच्या बाजूने आणि निम्मे विरुद्ध बाजूने उभे राहतील. माझी तक्रार नेमकी त्याच सवयीविषयी आहे.

ते चित्र मी का लावले, हेही सांगितले पाहिजे. त्या सुट्टीत मी प्रथमच वडिलांबरोबर पोती उचलायला गेलो होतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाठीचे सालपट निघाले होते. त्याहून अधिक टोचले ते अडतीवरच्या मुनीमाचे बोलणे. माझ्या वडिलांना, माझ्यादेखत, तो अरे-तुरे करीत होता आणि वडील हसून 'जी मालक' म्हणत होते. त्याच आठवड्यात मी तो चित्रपट पाहिला. त्यात एका हमालाचा मुलगा मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो. मित्रहो, ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्यांना कदाचित हे हास्यास्पद वाटेल. पण त्या काळोखात बसलेल्या मला वाटले, हा माणूस माझ्यासाठी उभा राहिला आहे. आजही ते आठवले की मला लाज वाटत नाही. चाहता होण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

प्रथम वर्षाला असताना आमच्या वर्गातील एका मुलीने भित्तीपत्रकात त्याच नटाच्या एका चित्रपटावर लेख लिहिला. त्या चित्रपटात नायक नायिकेच्या मागे मागे बसस्थानकापर्यंत, मग महाविद्यालयापर्यंत, मग तिच्या घरापर्यंत जातो. ती तीन वेळा 'नाही' म्हणते आणि चौथ्या वेळी गाणे सुरू होते. त्या मुलीने लिहिले होते की, आमच्या एस.टी.च्या फाट्यावर असाच एक नायक रोज उभा असतो. त्याच्यामुळे आमच्या गावच्या एका मुलीची शाळा सुटली. त्याच्या मागे मात्र गाणे वाजत नाही. ज्या नटाला लाखो मुले मानतात त्याने असे प्रसंग करताना आमच्यासारख्या मुलींचा विचार करायला नको का, असा तिचा प्रश्न होता.

आज वाटते, या प्रश्नात अपशब्द कोठे होता? पण त्या दिवशी फलकासमोर उभा असताना माझ्या कानशिला तापल्या. मी फोन काढला, लेखाचे छायाचित्र घेतले आणि रात्री नऊच्या सुमारास तालुक्यातील चाहत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. खाली एकच ओळ लिहिली, 'बघा, आपल्याच तालुक्यात कोण कोण आहे ते.' त्या ओळीत शिवी नव्हती. माझ्या मनाला मी पुष्कळ दिवस हीच समजूत घालत होतो.

शिव्या इतरांनी घातल्या. त्या गटात दोनशेच्या वर मुले होती. रात्री अकरापर्यंत तिच्या रूपावर बोलणे सुरू झाले. सकाळी तिच्या गावाचे नाव आले. दुपारपर्यंत तिचा फोन क्रमांक कोणीतरी मिळवला आणि तो ज्याच्या त्याच्या हाती गेला. त्या रात्री तिला किती फोन आले, हे तिने मला पुढे सांगितले; मी ते येथे लिहिणार नाही. 'उचलली जीभ आणि लावली टाळ्याला' ही आपली म्हण आता बदलून घ्यायला हवी. 'उचलले बोट आणि लावले काचेला' असा आता काळ आला आहे.

अकरा दिवस ती महाविद्यालयात आली नाही. बाराव्या दिवशी तिचे वडील आले. कार्यालयाच्या खिडकीसमोर, हातात टोपी घेऊन, ते तिचा दाखला मागत उभे होते. मी शुल्काची पावती घ्यायला त्याच रांगेत उभा होतो. त्यांची पाठ मला दिसत होती. ती माझ्या वडिलांच्या पाठीसारखीच होती. मग मराठीच्या बाईंनी त्यांना आत नेले आणि तासभर समजावले. दाखला निघाला नाही. आमच्या वर्गातून एक मुलगी जाता जाता राहिली. मी मात्र त्या रांगेत तोंड उघडले नाही.

तेव्हापासून मी या एकाच गोष्टीचा विचार करतो आहे. आपण ज्याला मानतो त्याच्यावर कोणी टीका केली की आपल्याला एवढे का झोंबते? आणि झोंबले तर आपण मुद्द्याला उत्तर देण्याऐवजी माणसावर का तुटून पडतो?

हा रोग केवळ आमच्या तालुक्याचा नाही, हे मला वाचू लागल्यावर कळले. २०१४ साली विम्बल्डनच्या स्पर्धेच्या वेळी मारिया शारापोव्हा या टेनिसपटूला सचिन तेंडुलकरविषयी विचारले गेले. हे कोण ते आपल्याला माहीत नाही, असे तिने सरळ सांगितले. ही टीकासुद्धा नव्हती. रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत टेनिस शिकलेल्या मुलीला क्रिकेट ठाऊक नसावे यात नवल ते काय? आपल्यापैकी किती जणांना तिच्या देशातील नामवंत खेळाडू ठाऊक आहेत? तरी आपल्याकडच्या हजारो लोकांनी तिच्या फेसबुकच्या पानावर जाऊन तिचा उद्धार केला. गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी सचिनने केलेले विधान अनेकांना रुचले नाही. तेव्हा केरळमधील कितीतरी जण पुन्हा त्याच शारापोव्हाच्या पानावर गेले आणि 'तेव्हा आमचे चुकले, तुमचेच बरोबर होते' अशी तिची क्षमा मागू लागले. त्यात थट्टाही होती. पण सात वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी भांडलो त्याला सात वर्षांनी त्याच जागी जाऊन टोमणा मारायचा, हे मला विचार करण्यासारखे वाटते.

दुसरे उदाहरण तमिळनाडूचे. ऑगस्ट २०१७ मध्ये धन्या राजेंद्रन या पत्रकार संपादिकेने ट्विटरवर थोडक्यात लिहिले की, अभिनेता विजय यांचा 'सुरा' हा चित्रपट आपण मध्यंतरापर्यंत तरी पाहिला होता, शाहरुख खान यांच्या नव्या चित्रपटाने तोही विक्रम मोडला. टोला मुख्यतः शाहरुख खान यांना होता. पण चवताळले ते विजय यांचे चाहते. काही दिवस हजारो संदेशांतून त्यांच्यावर गलिच्छ भाषेचा मारा झाला. त्यांच्या नावाने घोषवाक्य तयार करून ते ठरवून वर आणले गेले. त्यांना पोलिसांत तक्रार करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अभिनेत्री पार्वती यांनी तिरुवनंतपुरमच्या चित्रपट महोत्सवात 'कसबा' या चित्रपटातील स्त्रीविषयक संवादांबद्दल नापसंती व्यक्त केली. त्या चित्रपटाचे नायक मम्मूटी होते. पार्वती यांनाही तेच भोगावे लागले, आणि त्या प्रकरणात पोलिसांना अटकही करावी लागली.

आता या दोन्ही प्रकरणांत ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते ते काय म्हणाले, हे पाहण्यासारखे आहे. विजय यांनी निवेदन काढून सांगितले की कोणाच्याही चित्रपटावर टीका करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे आणि स्त्रियांविषयी अनुचित भाषा वापरू नये. मम्मूटी यांनीही, आपल्या वतीने बोलायला किंवा आपला बचाव करायला आपण कोणाला नेमलेले नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे काय झाले? आपण कोर्टात उभे राहून घसा कोरडा करायचा आणि शेवटी अशिलाने म्हणायचे, 'हे वकील कोण? मी यांना वकीलपत्र दिलेले नाही!'

मला वाटते, येथेच प्रश्नाची खरी मेख आहे. आपण वकिली करतो ती त्या नटाची किंवा खेळाडूची नसतेच. त्याला आपल्या वकिलीची गरज नाही. एका भित्तीपत्रकाने त्याचा एकही चित्रपट पडणार नव्हता. त्याला तर त्या भित्तीपत्रकाची वार्तासुद्धा नव्हती. मी भांडलो ते स्वतःसाठी. ज्या माणसाने मला त्या अंधारात ताठ उभे केले, त्याच्यात खोट निघाली तर माझे ते ताठ उभे राहणेही खोटे ठरेल, अशी भीती मला वाटली. आणखीही एक गोष्ट होती. तिचा लेख वाचताना मला वाटले की ही आम्हा शिट्ट्या वाजवणाऱ्या पोरांना अडाणी म्हणते आहे. तिने तसे कोठेही लिहिले नव्हते. ते मीच दोन ओळींच्या मध्ये वाचले. मुनीमाने वडिलांना अरे म्हटल्याचा राग मुनीमावर काढता आला नव्हता. तो एका हमालाच्या मुलाने एका शेतकऱ्याच्या मुलीवर काढला.

माझ्या वडिलांना मी हे सारे बऱ्याच उशिरा सांगितले. ते लगेच रागावले नाहीत. त्यांनी आपली एक आठवण सांगितली. त्यांच्या तरुणपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एकदा त्यांच्या आवडत्या नटाच्या मारामारीवर शेजारच्या गड्याने फिदीफिदी हसून काही शेरा मारला, तेव्हा यांनी त्याला तंबूबाहेर ओढून दोन ठेवून दिल्या होत्या. मी म्हणालो, "म्हणजे तुम्हीही तेच केलं की!" त्यावर ते म्हणाले, "मारलं खरं. पर दुसऱ्या दिशी त्याच्यासंगंच पोती उचलायची व्हती. दुपारी भाकरी सोडली तवा त्यानं कांदा म्होरं केला. झालं, मिटलं. तू ज्या पोरीला मारलंस तिनं तुजं तोंड तरी बगितलं का?"

मारामारीचे समर्थन मी करीत नाही, वडीलही करीत नाहीत. पण त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तंबूतल्या भांडणाला तोंड होते आणि शेवटही होता. फोनवरच्या भांडणाला दोन्ही नसतात. तेथे मारणाऱ्याच्या नावाच्या जागी नटाचे नाव आणि चेहऱ्याच्या जागी नटाचा चेहरा असतो. प्रत्येक जण फक्त एकच खडा टाकतो. आपण ढिगारा रचतो आहोत हे कोणालाच जाणवत नाही. शिवाय ज्या यंत्रणेवर हे चालते तिला माया आणि द्वेष यांतला भेद कळत नाही. किती लोकांनी पाहिले, किती बोटे हलली, एवढेच ती मोजते, आणि ज्यावर बोटे अधिक हलतात ते आणखी लोकांपुढे नेऊन ठेवते. टीकाकाराचे तोंड बंद करण्यासाठी आपण जो गदारोळ करतो त्यानेच त्याची टीका गावभर होते, हा यातला विनोद.

बरे, असा कडवा चाहता निदान आपल्या देवाशी तरी एकनिष्ठ राहतो का? मला तसे दिसत नाही. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई इंडियन्स संघाने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमले. हा निर्णय संघाच्या मालकांचा. पण राग निघाला हार्दिकवर. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडे मैदानावर नाणेफेकीच्या वेळी त्याच्याच संघाच्या चाहत्यांनी त्याची एवढी हुर्यो उडवली की सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावे लागले. मग २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या होत्या. ते षटक हार्दिकने टाकले आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला तेव्हा त्याच मैदानात हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. एप्रिल ते जुलै, अवघे तीन महिने! मैदान तेच, खेळाडू तोच, आणि लोकही बहुधा तेच.

यावरून मला असे वाटते की आपल्या हाती दोनच गोष्टी आहेत. एका हातात आरतीचे ताट आहे आणि दुसऱ्या हातात दगड. ज्याची आरती करायची त्याच्याविषयी बोलणाऱ्यावर दगड; आणि उद्या आरतीचा देवच मनाविरुद्ध वागला तर तोच दगड देवावर. या दोहोंच्या मध्ये एक जागा आहे. 'हा माणूस मला फार आवडतो, आणि त्याचे हे मला पटले नाही' असे तेथे उभे राहून म्हणता येते. टीका त्या मधल्या जागेत राहते. ती जागाच आपण मोडून टाकली आहे.

कोणी म्हणेल, सिनेमा आणि क्रिकेट या करमणुकीच्या गोष्टी. त्यांत एवढे गंभीर काय आहे? त्यांना मी आपल्याच राज्यातील एका घटनेची आठवण देईन. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर बंदविषयी प्रश्न विचारणारा मजकूर लिहिला. तिच्या मैत्रिणीने तो आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली, आणि एकीच्या नातलगाच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. कलम गेले हे चांगलेच झाले. परंतु मनातले कलम कोणते न्यायालय रद्द करणार? नटाविषयी प्रश्न सहन न करण्याची सवय एकदा लागली की पुढाऱ्याविषयीचा प्रश्न सहन न करणे काही अवघड राहत नाही. तालीम एकाच आखाड्यात होते.

राज्यशास्त्राच्या तासाला आम्हाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण शिकवले गेले. धर्मातील भक्ती एक वेळ मुक्तीकडे नेईल, पण राजकारणातील विभूतिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यात त्यांनी दिला आहे. त्यापूर्वी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार सांगितले होते. एखाद्या थोर माणसाविषयी अपार आदर बाळगणे वेगळे आणि त्याच्या आज्ञेत डोळे मिटून राहणे वेगळे. पहिल्यात वावगे काही नाही, दुसरे मात्र घातक. हा भेद मला माझ्या भिंतीवरच्या चित्रापाशी उभे राहून फार उपयोगी पडला. चित्र काढून टाकण्याची गरज नव्हती. चित्रापुढे डोळे उघडे ठेवण्याची गरज होती.

आणि ज्या धर्मातील भक्तीची आपण एवढी सबब सांगतो ती तरी अशी मुकी कोठे आहे? माझी आजी दळताना जनाबाईचे अभंग म्हणायची. आता घरात जाते नाही, पण अभंग आहेत. जनाबाई विठ्ठलावर रागावते, त्याला चक्क शिव्या घालते. त्याबद्दल पंढरपुरात कोणी तिचा गाव शोधत फिरले नाही. उलट शेकडो वर्षे वारीला जाणारी माणसे ते अभंग टाळ वाजवून म्हणत आली आहेत. ज्याच्यावर हक्क वाटतो त्यालाच माणूस बोल लावतो, हे आमच्या निरक्षर आजीला कळत होते. मग हातात फोन घेऊन फिरणाऱ्या तिच्या शिकलेल्या नातवाला का कळू नये?

यावर काही आक्षेप येतील. टीकाकार सगळेच साधू असतात काय? नसतात. कित्येक जण दुसऱ्याला बोचकारण्यासाठीच लिहितात. एखाद्या नटाच्या रंगावर, जातीवर, त्याच्या आईवडिलांवर बोलणे ही टीका नव्हे, ती निंदा आहे, आणि तिचा निषेध चाहत्यानेच काय, कोणीही करावा. दोहोंतला फरक ओळखणे फार कठीण नाही. टीका कामाविषयी बोलते आणि कारण देते. निंदा माणसाविषयी बोलते आणि कारण देत नाही. टीकेला उत्तर देता येते. 'तुझे म्हणणे मला पटत नाही, कारण हे' असे म्हणून दुसरा लेख त्याच फलकावर लावता येतो. मला तिचे म्हणणे खरोखर चुकीचे वाटत होते, तर मी तसा लेख का लिहिला नाही? कारण लेख लिहायला विचार करावा लागला असता. छायाचित्र टाकायला एक बोट पुरले.

आता शेवटचे सांगतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिला ग्रंथालयाबाहेर गाठले आणि ते छायाचित्र मीच टाकले होते, असे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एकच विचारले, "लेख पूर्ण वाचला होतास का?"

मी म्हणालो, "वाचला होता."

"शेवटपर्यंत?"

मला उत्तर देता आले नाही. तिने पिशवीतून कच्च्या लिखाणाची वही काढली आणि ते पान माझ्यापुढे धरले. लेखाच्या शेवटी एक लहानसा परिच्छेद होता. त्यात तिने लिहिले होते की, या नटाचे सगळे चित्रपट मी पाहिले आहेत. तो मला फार आवडतो. आवडत नसता तर मी हे लिहिण्याच्या खटपटीत पडलेच नसते. तो परिच्छेद माझ्या छायाचित्रात आला नव्हता. आला नव्हता असे म्हणणेही खोटेच. तो मी घेतलाच नव्हता. माझ्या रागाला वरचा भाग पुरेसा होता.

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "माफ केलं असं मी एवढ्यात म्हणणार नाही. पण तू यावर लिही. मी काही आता लिहिणार नाही." ती आज नियमित तासांना येते, पहिल्या बाकावर बसते, परीक्षेत आम्हा सर्वांपेक्षा चांगले गुण मिळवते. भित्तीपत्रकासाठी मात्र तिने त्यानंतर एक ओळही दिलेली नाही. आमच्या वर्गातील सर्वांत चांगले लिहिणारा हात मी थांबवला, हे मला आयुष्यभर लक्षात राहील. तिच्या टीकेने त्या नटाचे काही नुकसान झाले नाही. माझ्या भक्तीने आपल्या महाविद्यालयाचे झाले.

म्हणून माझ्या बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. आपल्या लाडक्या माणसाविषयी कोणी वावगे बोलले असे वाटले तर पुढच्या वेळी तीन गोष्टी करून पाहू. पहिली, ते शेवटपर्यंत वाचू. दुसरी, या खटल्याचे वकीलपत्र आपल्याला कोणी दिले, हे स्वतःला विचारू. तिसरी, जे लिहिणार आहोत ते त्या माणसाच्या समोर उभे राहून, आपल्या वडिलांच्या देखत बोलता येईल का, ते पाहू. तिन्हींतून पार पडले तर खुशाल लिहावे.

माझ्या घरच्या भिंतीवर ते तिसरे चित्र अजून आहे. त्याचा नवा चित्रपट आला की मी पहिल्या दिवशी जातो आणि शिट्टीही वाजवतो. फक्त आता मला त्यात काही खटकले तर तेही मी मित्रांना सांगतो, आणि माझे काही मित्र माझ्यावर चिडतात. चिडू देत.

या लेखावरही कोणी टीका केली तर मला आनंदच होईल. मंडळाचा फलक जिन्याखाली आहे, टाचण्या बाईंकडे मिळतात. फक्त टीका करण्यापूर्वी लेख शेवटपर्यंत वाचावा. आपण येथवर आलात, म्हणजे तेवढे झालेच आहे.

(द्वितीय वर्ष, कला)